फोटो कोणाचा, सही कोणाची?

(पाचगणी येथील पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून.)



आजचा माझा विषय ऐकायला जड आहे. माणसांची माहिती आणि माणसांची छायाचित्रे वापरून जे संशोधन होते, त्याची नैतिक तपासणी कोणी करावी, केव्हा करावी आणि कशी करावी, असा तो विषय आहे. हा डॉक्टरांचा आणि प्राध्यापकांचा प्रांत, त्यात शाळामास्तराचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याला माझे उत्तर असे की, संशोधक विद्यापीठातून निघतो खरा, पण तो येऊन पोचतो आपल्या शाळेच्या फाटकाशी. पहिली परवानगी तो आपल्याकडे मागतो, आणि बहुधा शेवटचीही.

पाचगणी हे शाळांचे आणि वसतिगृहांचे गाव. अशा गावात माहिती गोळा करणाऱ्याला दारोदार हिंडावे लागत नाही. शेकडो मुले एका छपराखाली, वयाप्रमाणे वर्गात लावलेली, घंटा झाली की रांगेत उभी राहणारी. कोणी एम. एड.च्या लघुप्रबंधासाठी प्रश्नावली घेऊन येतो. कोणी उंची-वजन मोजतो, कोणी दात पाहतो, कोणी मुलांच्या मनावरील ताणाचे गुण काढतो. सोबत कॅमेरा असतो. आता तर तो प्रत्येकाच्या खिशातच असतो. एक पत्र दाखवले जाते, मुख्याध्यापकांची सही होते आणि काम सुरू होते. यातली बरीच माणसे प्रामाणिक असतात हे मी आधीच सांगून टाकतो. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. मुख्याध्यापकांनी वर्गखोली वापरायची परवानगी दिली, ती त्यांच्या अधिकारात होती. परंतु मुलाच्या चेहऱ्याची, त्याच्या बापाच्या उत्पन्नाची, घरातल्या भांडणाची परवानगी त्यांनी कोठून आणली?

ही गोष्ट आजची नाही. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज छायाचित्रकार होता. मुंबईत राहणाऱ्या आणि तेथे येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचा त्याचा ग्रंथ १८६३ व १८६६ साली दोन भागांत लंडनला निघाला. यातली गंमत अशी की माणसांचे फोटो निराळे घेतलेले, मुंबईची दृश्ये निराळी घेतलेली, आणि मग माणसांच्या आकृत्या कापून त्या दृश्यांवर बसवलेल्या. माणूस खरा, जागा खरी, आणि चित्र मात्र घडलेले नाही! मथळा जातीचा किंवा जमातीचा. त्या माणसाला आपला चेहरा कोठे चालला आहे, त्याखाली काय छापले जाणार आहे, हे विचारण्याची त्या काळी रीतच नव्हती. आज ती चित्रे अभ्यासक पाहतात आणि मीही पाहिली आहेत. छपाई सुंदर आहे, पण त्या माणसांच्या डोळ्यांकडे पाहताना आपण परवानगीवाचून कोणाच्या घरात शिरलो आहोत असे वाटते.

दुसरे उदाहरण प्लेगचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ही त्यांची थोरवी निर्विवाद आहे. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस दिली गेली, बाकीच्यांना दिली नाही, आणि दोन्ही गटांत किती जण आजारी पडले याची तुलना झाली. लस उपयोगी ठरली, लाखो लोकांना पुढे ती मिळाली. तरीही तुरुंगातली ‘स्वखुशी’ हा शब्द मला खटकतो. ज्याच्या जेवणाची वेळ, झोपेची वेळ आणि दाराचे कुलूप दुसऱ्याच्या हातात आहे, त्याचा होकार कितपत मोकळा म्हणावा? वसतिगृह म्हणजे तुरुंग नव्हे, हे मी या सभेत मुद्दाम सांगायला नको. परंतु रेक्टरसाहेबांनी “रांगेत या” म्हटल्यावर सातवीतला कोणता मुलगा “मला नको” म्हणेल?

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर जे प्रयोग केले त्यांचा खटला न्युरेंबर्गला चालला. १९४७ साली त्या निकालात जी तत्त्वे लिहिली गेली, त्यांतले पहिलेच तत्त्व असे की माणसाची स्वतःची, दडपणाविना दिलेली संमती हवीच. १९६४ साली जगातल्या डॉक्टरांच्या संघटनेने हेलसिंकीला जाहीरनामा केला आणि १९७५ साली त्यात भर घातली की संशोधनाचा आराखडा आधी एका स्वतंत्र समितीपुढे ठेवावा. अमेरिकेत टस्कीगी येथे सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर १९३२ पासून चाळीस वर्षे पाहणी चालली. त्यांतल्या उपदंशाच्या रोग्यांना औषध निघाल्यावरही ते दिले नाही, रोग कसा वाढतो एवढेच पाहत राहिले. १९७२ साली वर्तमानपत्रातून ते बाहेर आले. म्हणजे नियम कागदावर होता तेव्हाही हे चालूच होते.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८० साली पहिले धोरण-निवेदन काढले, मग २००० व २००६ साली मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१७ साली आज वापरात असलेली विस्तृत तत्त्वे. मुंबईत १९९३ पासून वैद्यकीय नीतीवर एक नियतकालिक निघते. मुंबईच्याच ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठीही नैतिक तत्त्वे तयार झाली. तेव्हा महाराष्ट्रात याचा विचारच झाला नाही, असे म्हणता येणार नाही. तो शाळेपर्यंत उतरला नाही, एवढेच.

आता ज्या घटनेसाठी मी हा विषय घेतला ती सांगतो. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या मुलींत आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या बऱ्याच होत्या. २०१० साली प्रकल्प थांबवला गेला, चौकशी झाली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपला अहवाल दिला. त्यात आंध्रमधील संमतिपत्रांचा हिशेब आहे. ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते, आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या.

हा आकडा प्रत्येक वसतिगृहाच्या कार्यालयात भिंतीवर लावावा असे मला वाटते. दोन हजार सातशे त्रेसष्ट मुलींच्या आईबापांच्या जागी दुसऱ्याच कोणाची सही. लस चांगली की वाईट, हा निराळा प्रश्न आहे. ती लस आज जगभर दिली जाते आणि कर्करोग टाळण्यासाठी तिचा उपयोग आहे, हे मी येथे स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कोणी आपल्या मुलीला न्यायचे टाळील. पण चांगल्या गोष्टीसाठीसुद्धा दुसऱ्याच्या लेकीवर सही करता येत नाही. अधीक्षक दुष्ट होते असेही मी मानत नाही. वरून पत्र आले, तारीख जवळ होती, पालक रानात मजुरीला गेलेले, गाव लांब. आपल्याकडेही पालक दुबईला, मुंबईला, भिवंडीला असतात. सही करणारा हात सोयीचा म्हणून पुढे येतो.

मग नैतिक समिती म्हणजे काय? परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे तीत सात ते पंधरा सभासद असतात. अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचाच हवा आणि निम्मे सभासदही बाहेरचे हवेत. डॉक्टर, शास्त्रज्ञ, कायदा जाणणारा, समाजशास्त्र जाणणारा हे आलेच. आणि त्यांच्याबरोबर एक ‘सामान्य व्यक्ती’ असली पाहिजे, म्हणजे शास्त्राचा वारा न लागलेली, गावातली माणसे ओळखणारी. संशोधनाची माहिती देणारा कागद लोकांना कळेल अशा भाषेत आहे की नाही, हे या व्यक्तीनेच सांगायचे. माझ्या मते समितीतली ही सर्वांत महत्त्वाची खुर्ची आहे, आणि तीच बहुतेक वेळा गप्प बसते. मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांपुढे “साहेब, हे मला कळले नाही” म्हणायला धैर्य लागते. शिक्षकाला ते वाक्य रोज मुलांकडून ऐकायची सवय असते, म्हणून ती खुर्ची शिक्षकांनी मागून घ्यावी.

मुलांच्या बाबतीत ही तत्त्वे आणखी बारकाईत जातात. आईबापांची संमती हवीच. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा तोंडी होकार घ्यायचा, आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी. गावच्या प्रमुखाने किंवा संस्थेच्या प्रमुखाने दिलेली परवानगी ही ज्याच्या-त्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांत आहे. प्रमुखाची परवानगी म्हणजे उंबरठा ओलांडण्याची परवानगी. घरातल्या माणसाशी बोलायचे ते त्यालाच विचारून. मात्र हे सर्व वैद्यकीय आणि आरोग्याच्या संशोधनाला लागू. नुसत्या शैक्षणिक किंवा सामाजिक पाहणीला समितीचे असे कायदेशीर बंधन नाही. आणि आपल्याकडे येणाऱ्या प्रश्नावल्या बहुतेक याच प्रकारच्या असतात!

छायाचित्राविषयी थोडे अधिक बोलायला हवे. पाचगणीत ‘फोटो’ या शब्दाला जुना अर्थ आहे. १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले. जुनी माणसे अजूनही एक्स-रेला ‘छातीचा फोटो’ म्हणतात. आजारी माणूस ते पाकीट जपून पेटीत ठेवी, कारण तो फोटो त्याचा होता. आता तसला फोटो संगणकात राहतो, आणि असे लाखो फोटो दाखवून यंत्राला क्षय ओळखायला शिकवतात. मुंबईत तयार झालेल्या अशा प्रणालीही आज वापरात आहेत, आणि जेथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर नाही तेथे त्यांचा खरोखर उपयोग आहे. परंतु ज्यांचे फोटो यंत्राच्या शाळेत धड्यासारखे वापरले गेले, त्यांना विचारले होते का? नाव-गाव पुसून टाकले असेल, हानीची शक्यता फार थोडी असेल आणि प्रत्येकाला गाठणे अशक्य असेल, तर नैतिक समिती संमतीची अट माफ करू शकते. हे मला योग्य वाटते. मात्र माफी समितीने द्यायची असते, संशोधकाने स्वतःच घ्यायची नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी परिषदेने २०२३ साली वेगळी तत्त्वेही काढली आहेत.

छातीच्या फोटोवरून माणूस रस्त्यात ओळखू येत नाही. चेहऱ्याचे तसे नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झाले, असा समज आपल्याकडे पक्का आहे. ती पट्टी पुरेशी नाही, असे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने नियमातच लिहून ठेवले आहे. आपल्या आळीतल्या मुलाला आपण चालण्यावरून, कानावरून, भावाच्या जुन्या स्वेटरवरून ओळखतो. एवढ्याशा गावात पट्टी कोणाला फसवणार? म्हणून तपासणीला होकार वेगळा, फोटो काढायला वेगळा आणि तो छापायला वेगळा घ्यावा.

आणि एकदा घेतलेली माहिती घेणाऱ्यापेक्षा आणि देणाऱ्यापेक्षाही जास्त जगते. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच. डी. करीत होत्या. विषय होता कवटीच्या दोन बाजूंतील असमानता. मोजायला मिळालेल्या कवट्यांत जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्या मेलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना कोणीही विचारलेले नव्हते. अशा असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्या तरुण मराठी बाईंनी गुरूच्या मताविरुद्ध मांडला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण कवट्या कोठून आल्या हा प्रश्न त्याने मिटत नाही. वसाहतींतून अशा रीतीने नेलेले काही अवशेष बर्लिनहून नामिबियाला परत जायला २०११ साल उजाडले.

याच इरावतीबाईंचे दुसरे काम आपल्या सातारा जिल्ह्यातले आहे. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी आणि जाई निंबकर यांनी केली. तो ग्रंथ १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. विस्थापितांकडे जाऊन त्यांची हकिगत नोंदवणारे हे महत्त्वाचे काम होते. तरी त्या लोकांच्या मागण्या पुढे कित्येक दशके मोर्च्यांतून आणि ठिय्यांतून मांडाव्या लागल्या. दोष पाहणी करणाऱ्यांचा नाही; पाणी अडवणारे वेगळे आणि नोंद करणारे वेगळे. परंतु माहिती देणाऱ्याला बदल्यात काय मिळते, निदान अहवालाची एक प्रत त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडते का, हे समितीने विचारायलाच हवे. आपल्या शाळेतून भरून गेलेल्या प्रश्नावल्यांपैकी किती जणांचे निष्कर्ष परत आले? कार्यालयातल्या कपाटात शोधून पाहा.

आता सांगलीकडे जाऊ. विषय नाजूक आहे, तरी या सभेत तो टाळू नये. सांगलीत वेश्याव्यवसायातील स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ नावाची संघटना १९९६ पासून आहे. २०१० साली ‘व्हाइस’ या परदेशी माध्यमसंस्थेने देवदासींवर एक लघुपट काढला आणि इंटरनेटवर जगाला दाखवला. या स्त्रियांनी तो पाहिला आणि त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसून उत्तर दिले: आमची फसवणूक झाली, विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी उघड्यावर मांडल्या गेल्या, आमच्या श्रद्धेची टिंगल झाली. लघुपटाला नैतिक समिती नसते. तो संशोधन नव्हे, पत्रकारिता, असे म्हणून सुटका होते. पण चेहरा तोच असतो, आणि गावही तेच. समाजाने ज्यांना इज्जत नाकारली त्या बायकांनी “आमचा चेहरा आमचा आहे” हे ज्या ठामपणाने सांगितले, तो ठामपणा आपण चारचौघांतल्या प्रतिष्ठितांनी अजून दाखवलेला नाही.

हे बोललो आणि आपल्या घराकडे पाहिले नाही, तर बरे दिसणार नाही. शिक्षणसंस्थांच्या स्मरणिका काढून पाहा. शिष्यवृत्ती, वह्या, गणवेश, शिलाईयंत्र वाटपाचे फोटो असतात. देणारे पाच जण हसत उभे, मध्ये एक मुलगी मान खाली घालून. खाली छापलेले असते: गरीब व होतकरू विद्यार्थिनीस मदत देताना. ती मुलगी पुढे शिकते, नोकरीला लागते, तिचे लग्न ठरते आणि ते पान कोणाच्या तरी फोनवर फिरत असते. तिला कोणी विचारले होते का? “नाही म्हटले तर वह्या मिळतील ना?” असा प्रश्न तिच्या मनात आला असेल तर तो होकार भायखळ्याच्या कैद्यासारखाच. आपल्यात काही कुटुंबांना मुलीचा फोटो कोठेही नको असतो. त्यावर मागासलेपणाचा शिक्का मारणारे लोक मला भेटले आहेत. नकाराला कारण द्यावेच लागते असा कोठलाही नियम नाही. न देता दिलेला नकारही पूर्ण नकारच असतो. आणि उलट, एखाद्या मुलीला आपला फोटो छापून यावा असे मनापासून वाटत असेल, तर तिच्याऐवजी नाही म्हणणारे आपण कोण?

कायद्याचेही सांगतो. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण त्यात मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी आईबापांची खात्रीलायक संमती लागते. परंतु ज्या संशोधनातून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नसतो, त्याला ठरावीक अटींवर या कायद्यातून सूट आहे. तेव्हा कायदा आला, आता चिंता नाही, असे समजून चालणार नाही. कायद्याने जे दार उघडे ठेवले तेथे कोणीतरी बसून विचारपूस केली पाहिजे. शाळेचे जनरल रजिस्टर आपण परक्याच्या हाती देत नाही. जन्मतारीख, जात, वडिलांचा धंदा, सारे त्यात असते, आणि ती आपल्याकडची अमानत आहे हे प्रत्येक लेखनिकाला ठाऊक असते. प्रश्नावली म्हणजे त्याच रजिस्टराचे सुटे झालेले पान.

माझी सूचना लहान आहे. आपल्या संस्थेने पाच जणांचा एक गट नेमावा. एक डॉक्टर, एक वकील, वसतिगृहातील मुलांच्या पालकांपैकी एक आई, एक माजी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी, आणि एक शिक्षक. अध्यक्षपद शिक्षकाकडे नको आणि पदाधिकाऱ्याकडेही नको; ते त्या आईकडे द्यावे, असे मी सुचवतो. पाहणीचा प्रत्येक अर्ज निदान महिनाभर आधी यावा. विद्यापीठाच्या समितीची मंजुरी असेल तर तिची प्रत जोडावी, नसेल तर का नाही ते लिहावे. माहिती कोठे राहणार, किती वर्षे, कोण पाहणार, नावे केव्हा पुसणार, फोटो हवाच का, आणि निष्कर्ष आम्हाला कोणत्या महिन्यात कळवणार, एवढे त्याने लेखी द्यावे. संमतिपत्र मराठीत आणि उर्दूत असावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोनवर पूर्ण वाचून दाखवावे, मग ते दुबईत असोत की भिवंडीत. रेक्टरच्या सहीसाठी त्या कागदावर जागाच ठेवू नये. आणि तळाशी मुलासाठी दोन चौकटी असाव्यात, एक ‘हो’ची आणि एक ‘नाही’ची, सारख्याच आकाराच्या.